मेतरांची धोंड

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, असं म्हटलं की मोठी माणसं हसतात, कारण त्यांनी गोष्टीतल्या माणसाला पाहिलं आहे. पण गोष्ट इतक्या तोंडांतून फिरली आहे की आता ती जुनीच झाली आहे.

वायंगणदांडा म्हणजे वाळूची एक लांब पट्टी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये साठ घरं. तिथे येसो मेतर नावाचे फोटोग्राफर राहायचे. ते लग्नाचे फोटो काढायचे, पण त्यांचा जीव होता वाळूत. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, दुपारी भरती पूर्ण चढली की ते एका काळ्या धोंडीला टाचा टेकून उभे राहायचे आणि समुद्राचा फोटो काढायचे. मग होडीने खाडी ओलांडून तालुक्याला जायचे आणि तो फोटो आपल्या वेबसाइटवर टाकायचे. पहिल्या फोटोत धोंडीपासून पाण्यापर्यंत सुरूची अकरा झाडं होती. काही वर्षांनी नऊ राहिली. मेतरांची झोप उडाली, असं म्हणतात.

बायका त्यांना चिडवायच्या. "मेतरानू, वाळू काय नवरी आसा, दर पुनवेक तिचो फोटो काढूक?"

पण झाडं सात झाली, तेव्हा हसणं थांबलं. गाव त्यांच्या दारात जमला. "तुम्ही फोटो काढतास आणि दर्या फुडे येता. बंद करा ता."

"फोटो बंद केल्यार दर्या थांबतलो काय?" मेतर म्हणाले. तरी त्यांनी कॅमेरा पेटीत ठेवला. ती आषाढाची पौर्णिमा फोटोविना गेली.

दुसऱ्याच दिवशी मस्कतहून पार्वतीआजीच्या मुलाचा फोन आला. "आये, पुनवेचो फोटो नाय. गाव आसा मा?"

"आसा रे बाबा! मगे मी खंयसून बोलतंय?" आजी म्हणाली खरी, पण रिसीव्हर ठेवल्यावर ती दारात जाऊन समुद्र बघून आली. त्या आठवड्यात असे बारा फोन आले. शेवटी आजीच मेतरांकडे गेली आणि म्हणाली, "काढ बाबा तुझो फोटो. पोरां जेवणत नाय."

अमावास्येला मेतर धोंडीला टाचा टेकून उभे राहिले. सुरूची तीन झाडं उरली होती. चुकलेल्या पौर्णिमेला चार गेली आणि कोणी मोजलीच नाहीत. त्यांनी दारोदार जाऊन सांगितलं, पुढच्या पौर्णिमेआधी गाव सोडा. कोणी ऐकलं नाही. पण तो फोटो मस्कतला पोचला, मुंबईला पोचला, आणि तिथून मुलांचे फोन आले. मेतरांचं न ऐकणाऱ्या आया मुलांचं ऐकून निघाल्या.

पौर्णिमेच्या सकाळी होड्या खाडीपलीकडे लागत होत्या. "चला मेतरानू," आजीने हाक मारली.

"एक फोटो काढून येतंय," ते म्हणाले.

दुपारी बाराला समुद्र खाडीला मिळाला. पट्टी मधोमध तुटली, वीस घरं गेली. मेतर आले नाहीत. कॅमेराही सापडला नाही.

तिसऱ्या दिवशी वेबसाइटवर एक फोटो आला, असं म्हणतात. तो समुद्राच्या बाजूने, खूप उंचावरून काढलेला होता. त्यात खाडीपलीकडे उभा असलेला सगळा गाव होता. मस्कतच्या मुलाने माणसं मोजली. मेतर सोडून एकही कमी नव्हतं.

पुढे वाळू परत भरली, लोकांनी घरं परत बांधली आणि सुरूची नवी झाडं लावली. धोंड जागची हलली नव्हती. अजूनही दर अमावास्येला आणि पौर्णिमेला दुपारी गावातलं कोणीतरी तिला टाचा टेकून उभं राहतं आणि मोबाइलवर फोटो काढून सगळ्यांना पाठवतं. बाहेरगावची माणसं झाडं मोजतात आणि एकच शब्द लिहितात, 'आसा'. तो शब्द आल्याशिवाय गावात पान वाढत नाहीत.

मागच्या पौर्णिमेला फोटो काढायची पाळी वनितामावशीची होती. नवीन लावलेली सुरूची झाडं पाच असायला हवी होती. फोटोत चार दिसली. तिने टाचा नीट टेकून परत काढला. चारच होती. तिने तो तसाच पाठवला, आणि सगळा गाव न जेवता वाट बघत बसला.