लहान दगडाची लाज

डोंगराच्या कुशीतल्या एका रानात एक अस्वल राहत असे. अंगाने थोराड, मनाने सरळ, पण कौतुकाला जरा भुलणारे. त्या रानात पाण्याचा एक झरा होता आणि झऱ्यावर एक मोठी शिळा होती. पावसाळ्यात डोंगरावरून येणाऱ्या गाळाने झरा बुजू नये म्हणून ती शिळा त्यावर बसवलेली असे. चैत्रात ओढे आटले की अस्वल शिळेखालच्या चिंचोळ्या जागेत उताणे निजे, पुढचे दोन्ही पंजे वर टेकवी आणि छातीपासून जोर लावून शिळा उचलून धरी. तेवढ्यात एक म्हातारी साळू टेकूचा दगड ढकलत आत नेई आणि फटीत बसवी. मग उन्हाळाभर सगळे रान तिथे पाणी पीत असे. पहिला घोट मात्र अस्वलाचा, असा रिवाज होता.

एका वर्षी पावसाच्या तोंडावर, शिळा खाली बसवून झाल्यावर, अस्वल आग्या मोहोळाच्या मधासाठी कड्यावर चढले आणि खाली कोसळले. त्याचा खांदा निखळला. सारा पावसाळा आणि अर्धा हिवाळा ते गुहेत पडून राहिले. खांदा सांधला, दुखणे गेले, पण छाती ओसरली आणि दंड सैल पडले. माघात ते बाहेर आले तेव्हा साळू म्हणाली, "बाबा, अजून वेळ आहे. ओढ्यातले दगड घे. आधी लहान, मग जरा मोठे. रोज उताणा निजून उचलत जा. अंगात होते ते परत येईल."

अस्वल ओशाळून म्हणाले, "मावशी, मी शिळा उचलणारा. आता सगळ्या रानासमोर लहानसहान दगड उचलू? माकडे हसतील." कोल्हा जवळच बसला होता. तो म्हणाला, "पहिलवानदादा, वाघाला कुणी उडी शिकवते का? तुम्ही नुसता हात लावा, शिळा हलेल." अस्वलाला ते गोड वाटले. मुलांनो, कोल्ह्याचे काय जात होते? त्याला पाणी थोडे लागते आणि तेवढे तो कुठूनही मिळवतो. माघ गेला, फाल्गुन गेला. अस्वल उन्हात अंग शेकत बसे आणि आपल्या जुन्या जोराच्या गोष्टी सांगे.

चैत्र आला. ओढे आटले आणि सगळे रान झऱ्यापाशी जमले. अस्वलाने शिळेखाली निजून जोर लावला. शिळा थोडी वर आली. साळू टेकू घेऊन आत शिरली आणि त्याच वेळी अस्वलाचे दंड थरथरले. शिळा धाडकन खाली बसली. जनावरांनी साळूला ओढून बाहेर काढले, पण तिचा मागचा पाय कायमचा अधू झाला. कोल्हा केव्हा निघून गेला ते कुणालाच कळले नाही.

आता पाणी फक्त दूरच्या नदीच्या डोहात होते आणि डोहात मगर होती. थोड्याच दिवसांत एका हरिणीचे पाडस तिथून परत आले नाही. ती हरिणी रोज अस्वलाच्या गुहेवरून नदीकडे जाई. ती काही बोलत नसे. तिने शिव्या दिल्या असत्या तर अस्वलाला बरे वाटले असते. शेवटी ते साळूकडे गेले आणि खाली मान घालून म्हणाले, "मावशी, कुठून सुरू करू?" साळू म्हणाली, "माघात सांगितले होते तिथूनच. आणि मी म्हणेन तेव्हाच शिळेला हात लावायचा."

दुसऱ्या दिवशी अस्वलाने ओढ्याकाठी, उघड्यावर, नारळाएवढा दगड घेतला आणि ते उताणे निजले. माकडे खरोखरच हसली. अस्वलाने डोळे मिटून घेतले, पण दगड खाली ठेवला नाही. नवल असे की, जो जोर कमवायला तरुणपणी वर्षे लागली होती, तो आता भराभर परतू लागला. एकदा त्याने घाईने मोठा धोंडा घेतला तर खांद्यातून कळ आली. मग ते मुकाट्याने लहान दगडावर आले. साळू म्हणे, "नुसता उचलून भागत नाही. मी आत जाऊन बाहेर येईपर्यंत धरता आला पाहिजे." ती लंगडत लंगडत जांभळीच्या झाडाला वळसा घालून येई आणि तोवर अस्वलाने दगड वर धरायचा. अधू पायामुळे तिला पूर्वीपेक्षा फार वेळ लागे. तो सगळा वेळ अस्वल तिच्या पायाकडे बघत असे. हळूहळू माकडांना हसण्याचा कंटाळा आला.

वैशाख सरत आला तेव्हा एका सकाळी साळू म्हणाली, "आज." अस्वल घाबरले. "मावशी, आज टेकू दुसऱ्या कुणाला तरी लावू द्या." साळू म्हणाली, "टेकू मीच लावणार. तू धर." शिळा वर गेली. साळू सावकाश आत गेली, टेकू बसवला आणि सावकाश बाहेर आली. शिळा तसूभरही हलली नाही.

झरा मोकळा झाला. पहिल्या घोटासाठी सगळ्यांनी अस्वलाला वाट दिली, पण ते बाजूला झाले आणि त्याने हरिणीला पुढे बोलावले. हरिणी पाणी प्यायली. सवयीने तिने शेजारी वळून पाहिले, तिथे कुणी नव्हते. मग ती अस्वलाला म्हणाली, "पुढच्या वर्षी चैत्रातच उचल." अस्वल म्हणाले, "हो, ताई."

पाऊस आला, शिळा पुन्हा खाली बसली. त्या पावसाळ्यात रोज सकाळी, सगळ्यांना दिसेल अशा जागी, अस्वल नारळाएवढा दगड उचलत असे.

तात्पर्य एवढेच : गेलेले बळ परत येते, पण लहान दगडापासून; त्या दगडाची लाज धरली, तर तिची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.