हुंकार

"तुम्ही हात लावणार आहात, की नुसते बघत बसणार मास्तर?"

पथकाचे यशवंत मास्तर टेम्पोच्या फळीवर बसले होते. त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

हर्षलाच्या कपाळाची शीर तटतटली. देवीची पालखी देवळाच्या पायऱ्या उतरत होती. आज पथकाच्या पुढे, बेंजोवर, पहिल्यांदा ती बसणार होती, आणि ॲम्प्लिफायर मुका झाला होता. फ्यूज पाहून झाला. बॅटरी बदलली. स्पीकरच्या तारा सोडून पुन्हा जोडल्या. ढिम्म.

सकाळी मंडळाचे अध्यक्ष सगळ्यांदेखत म्हणाले होते की पोरगी पुढे बसवली म्हणजे काहीतरी विघ्न येणारच. उत्तर म्हणून तिने हातातला बेंजो टेम्पोत आदळला होता. आता ते खांबाला टेकून हसत होते. शेजारच्या गावातला कीबोर्डवाला बोलावू का, असं मास्तरांनाच विचारत होते. तिला नाही.

तिने ॲम्प्लिफायरला लाथ घातली.

"आवाज पूर्ण कर," मास्तर म्हणाले. "आणि कान लाव."

"काही येत नाहीये त्यातून."

"कान लाव."

दात-ओठ खात तिने बटण शेवटपर्यंत पिळलं. स्पीकरला कान लावला.

"नुसता हूं करतोय."

"गोष्ट सांगताना समोरचा काय करतो?"

"हुंकार देतो. पण मास्तर, ही काय वेळ आहे..."

मास्तरांनी बेंजोला लावलेली वायर उपसली आणि तिच्या उघड्या टोकाला अंगठा टेकवला.

स्पीकर असा डरकाळला की ताशेवाल्याच्या हातातली काडी गळून पडली. अध्यक्ष खांबापासून चार हात लांब गेले.

"तो केव्हाचा ऐकतोय," मास्तर म्हणाले. "सांगणाराच गप्प आहे."

हर्षलाने बेंजो पालथा केला, तळाची पट्टी काढली. तारांखालच्या, आवाज उचलणाऱ्या पिकअपची बारीक वायर तुटून लोंबत होती. सकाळच्या आदळण्यानेच. तिने दाताने वायर सोलली, पिळून जोडली, वर चिकटपट्टी लावली. वायर पुन्हा खोचून तार छेडली, तशी सगळी आळी दणाणली.

मग ती मास्तरांकडे वळली. आदळताना तुम्ही पाहिलं होतंत ना, तेव्हाच का बोलला नाहीत, असं तिने सरळ विचारलं. मास्तरांनी पाहिल्याचं नाकारलं नाही.

"कळलं. आता सांगाल, राग गिळ आणि मग वाजव."

पालखी टेम्पोपाशी आली होती. मास्तरांनी बेंजो उचलून तिच्या मांडीवर ठेवला.

"राग गिळलास तर वाजवशील काय?"