काडी आणि काटेसावरीची सावली

फार जुन्या काळी डोंगरातल्या एका पाड्यावर बांबूची एक काडी होती. लाडकी नावाची बाई तिचं टोक चावून मऊ करायची आणि तांदळाच्या पिठात बुडवून भिंतीवर चित्रं काढायची. माणसं, मोर, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाच, सगळं काडीला जमायचं. झाड मात्र जमत नसे. एवढ्या पानांत शिरायचं कुठून, तेच तिला कळत नसे.

पौष आला. रान मुकं झालं. रोज उन्हं कलली की दारासमोरच्या कोऱ्या, गेरूने सारवलेल्या भिंतीवर काळी, वाकडी बोटं हळूहळू वर चढू लागली.

"हडळ आहे ती," काडी पिठाच्या वाटीला म्हणाली. "मला मोडायला आलीय."

"मलाही तसंच वाटतंय," वाटी पुटपुटली. "हलू नकोस."

पण एका संध्याकाळी लाडकीने काडी उचलली, पिठात बुडवली आणि नेमकी त्या बोटांवर टेकवली. काडी लटलट कापू लागली. पळायला वाट नव्हती, म्हणून ती थरथरती रेघ ओढत बोटावरूनच पुढे सरकत राहिली. एका बोटाला दुसरं फुटलेलं, दुसऱ्याला तिसरं. सरकत सरकत ती खोडापर्यंत उतरली, तेव्हा कुठे तिला दाराबाहेर दिसलं. अंगणात काटेसावर उभी होती, अंगावर एकही पान नसलेली.

सूर्य बुडाला. सावली गेली, झाड भिंतीवर राहिलं.

शेजारीपाजारी बघायला आले. "वारा तर पडलाय," एकजण म्हणाली, "मग हिचं झाड हलतंय कसं?"

 वाटीतल्या काडीचं कापणं अजून थांबलं नव्हतं.