कासिमिराच्या अंगणातली झडती

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकं कधी ते विचारू नका, कारण सांगणारा प्रत्येक जण वेगळं सांगतो, लांबच्या अर्जेंटिना देशात एका रुंद नदीच्या काठी एल बारो नावाची वस्ती होती. बारो म्हणजे चिखल. निदान नावात तरी खोटं काही नव्हतं. ही गोष्ट मला हर्णैच्या एका खलाशानं सांगितली, आणि खलाशांचं बोलणं मी निम्मंच धरतो. तुम्हीही तेवढंच धरा.

त्या वस्तीत बोटीतून उतरलेली माणसं राहायची. कोणी इटलीचे, कोणी स्पेनचे, कोणी आणखी कुठले. माळावर गुरं राखणारे घोडेस्वारही होते. माळांना तारेची कुंपणं पडली तसे ते बेकार होऊन शहराकडे सरकले होते. आणि या सगळ्यांच्या आधीपासून तिथं काळी माणसं होती, त्यांच्या आजापणज्यांना साखळ्या घालून आणलेलं होतं. पत्र्याच्या नि फळ्यांच्या चाळी, मधे अंगण, अंगणात एकच विहीर. एकाची बोली दुसऱ्याला कळत नसे. शेजारी हसला तरी वाटायचं, आपल्यालाच हसतोय. प्रत्येकाच्या कमरेला सुरा असायचा. मांस कापायला, असं म्हणतात.

कासिमिरा या वस्तीतली धोबीण. काळी, उंच, कमी बोलणारी. बंदरावरच्या बोटींचे आणि नाचघरांचे कपडे ती धुवायची. आता वस्तीत पुरुष ढीगभर आणि बायका अगदी थोड्या. नाचघरात ज्याला चांगलं नाचता येईल त्याच्याशीच बाई नाचायची, बाकीचे भिंतीला टेकून उभे. म्हणून पुरुष आधी पुरुषांबरोबरच सराव करायचे, भर दुपारी, अंगणात, अगदी गंभीर चेहऱ्यानं. कासिमिराकडे तिच्या आजीचा ढोलावरचा नाच होता. घोडेस्वारांकडे गिटार, इटलीवाल्यांकडे फिडल, आणि कुठल्याशा जर्मन बोटीवरून भात्याची एक पेटी उतरली होती, मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी ओढायची. या सगळ्यांचं मिळून जे झालं, त्याला पुढं जग टँगो म्हणू लागलं. शहरातले सभ्य लोक तेव्हा त्याचं नाव काढलं तरी नाक मुरडायचे.

कासिमिराला एकच मुलगा, आन्सेल्मो. वस्तीत त्याच्यासारखा नाचणारा दुसरा नव्हता, आणि त्याचं कोणाशी वैरही नव्हतं. एका धुकट संध्याकाळी धक्क्याकडे जाणाऱ्या बोळात तो पालथा पडलेला सापडला. वार पाठीत होता.

कोणी केलं ते कळलं नाही. पोलीस आले, काहीबाही विचारलं आणि गेले. चिखलातल्या माणसासाठी बूट कोण घाण करणार? पण तेव्हापासून वस्तीचं बिनसलं. माणसं भिंतीला पाठ लावून जेवू लागली. विहिरीवर पोहरा ओढतानाही मान वळवून बघू लागली. वैर नसलेल्या पोराला मारलं, मग आपल्याला का नाही मारणार? प्रत्येकाच्या मनात हेच.

कासिमिरानं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. तिनं कपडे वाळत घालायच्या दोऱ्या सोडल्या, अंगण झाडलं, पाणी मारून चोपलं आणि वस्तीला सांगून टाकलं, "रविवारी दुपारी या. नाच मी शिकवते."

तिची अट एकच. नवीन माणसानं आधी मागे चालायला शिकायचं.

"मावशी, पुरुषानं मागे कशाला चालायचं?" एकानं विचारलं. "नाचात मागे तर बाई जाते."

"म्हणूनच," ती म्हणाली. "तिला कसं वाटतं ते आधी तुला कळू दे. मग तिला धर."

बोलणं रास्त होतं. पण खरं कारण दुसरंच होतं, असं म्हणतात, आणि हे मात्र मला पटतं. ती माणसाला छातीशी छाती लावून धरायची. त्याचा उजवा हात, म्हणजे सुऱ्याचा हात, आपल्या डाव्या मुठीत. आपला उजवा तळवा त्याच्या पाठीवर, बरोबर तिथं, जिथं आन्सेल्मोला वार लागला होता. डोळे मिटायला लावायची आणि पेटीच्या सुरावर त्याला मागे मागे न्यायची. आज लोक त्या मिठीवर काय काय बोलतात, विरह काय, प्रीती काय. मला विचाराल तर ती झडती होती. तिच्या तळव्याला माणसाचं काळीज ऐकू यायचं, असं म्हणतात. कोण उपाशी आहे, कोणाला गावची आठवण येतेय, कोण चोरून पिऊन आलाय, सगळं कळायचं. तिचा जवळजवळ सगळ्यांवर संशय होता, आणि सगळ्यांचा एकमेकांवर. तरी येणं कोणी चुकवत नसे, कारण जो येणार नाही त्याच्याकडेच बोट जाणार.

या लोकांत बाचिचा नावाचा जिनोआकडचा एक नावाडी होता. त्याची पाळी आली तेव्हा तो असा थरथरला की पेटीवाला वाजवायचा थांबला. पाय उचलेना, कपाळावरून घाम गळायला लागला. कासिमिरा त्याला सोडून बाजूला झाली. तिचा चेहरा सगळ्यांनी वाचला. बाचिचाला कोळशाच्या खोलीत कोंडलं. पुढच्या रविवारी पोलीस घोड्यांच्या शर्यतीला गेले की त्याला नदीत बुडवायचं ठरलं. आतून तो आपल्या बोलीत ओरडत होता. ते समजून घ्यायची कोणाला गरज वाटली नाही. कासिमिरालाही नाही, हे सांगितलं पाहिजे. तिला माणूस हवा होता आणि माणूस मिळाला होता.

तो रविवार आला. लोक आधी अंगणात जमले. तेवढ्यात टोपी हातात घेऊन लिसांद्रो पुढं आला. हा धक्क्यावरचा गाडीवान. आन्सेल्मोला खांदा द्यायला हाच पुढं होता, आणि तेव्हापासून कासिमिराच्या कपड्यांची गाठोडी हाच वाहायचा. वस्तीत तिचा ज्याच्यावर संशय नव्हता असा हा एकटा, म्हणून तिनं त्याला कधी नाचायला बोलावलंही नव्हतं.

"मावशी, आज तुझं मन हलकं झालं असेल," तो म्हणाला. "आता मलाही शिकव."

तिनं त्याला धरलं. त्यानं डोळे मिटले आणि तो मागे चालू लागला. कसा चालला म्हणता? आपल्या घरात अंधारात पाण्याच्या माठाकडे जावं तसा. पाय चाचपडला नाही, खांदा आवळला नाही. काळीज झोपलेल्या पोरासारखं संथ. कासिमिराला आधी बरं वाटलं. इतक्या दिवसांत एक तरी स्वच्छ माणूस हाताला लागला. मग अंगणाच्या मध्यावर तिचा तळवा गार पडला.

सगळी वस्ती पाठीत सुरा बसेल म्हणून भीत होती. शूर भीत होते, म्हातारे भीत होते, ती स्वतः भीत होती. मग हा एकटा का भीत नाही? तो सुरा कोणाच्या हातात आहे हे ज्याला पक्कं ठाऊक, तोच एक त्याला भिणार नाही.

तिनं पेटीवाल्याला डोळ्यांनीच खुणावलं, थांबू नको. लिसांद्रोला तसाच नाचवत ती फाटकातून बाहेर पडली. मागून पेटीवाला, त्याच्या मागून लोक. त्यांना वाटलं, हा नाचाचाच काही नवा प्रकार असेल. बोळातून गेली, फळ्यांवरून गेली, धक्क्यावर आली. असं म्हणतात की त्यांची चाहूल लागून नदी आवाज न करता वर चढली आणि धक्क्याच्या कडेला येऊन थांबली. मी नदीला असं करताना कधी पाहिलेलं नाही. लिसांद्रोची टाच पाण्यावर अधांतरी आली तेव्हा कासिमिरा थांबली.

"डोळे उघड. मागे बघ."

त्यानं पाहिलं, आणि त्याचं काळीज पहिल्यांदा उसळलं. तो आता फक्त तिच्या हातांवर उभा होता.

"सोडू?" तिनं विचारलं.

"मावशी, मला तो नको होता," लिसांद्रो म्हणाला. "माझ्या खेपा पळवणारा तो दुसरा गाडीवान हवा होता. त्याचा कोट आन्सेल्मोनं उसना घेऊन घातला होता, मला काय ठाऊक! मी पाठ बघितली गं, तोंड बघितलंच नाही."

मुलगा गेल्यापासून न रडलेली ती बाई तेव्हा तिथं मोठ्यानं रडली. हात सुटले असते तर कोणी तिला बोल लावला नसता. लोक तर ओरडतच होते, सोड म्हणून. तिनं त्याला आत ओढलं.

मग ती कोळशाच्या खोलीकडे गेली आणि तिनं स्वतः कडी काढली. बाचिचाची माफी मागायला तिच्याकडे त्याची बोली नव्हती. तिनं त्याचा हात आपल्या पाठीवर ठेवला, डोळे मिटले आणि ती मागे चालू लागली. त्या थरथरत्या माणसानं तिला अंगणभर नेलं, कुठं ठेचही लागू दिली नाही.

लिसांद्रोला कोणी मारलं नाही. कासिमिरानं मारू दिलं नाही. तिनं एवढंच ठरवलं की यापुढं नवीन येईल त्यानं पुढं चालायचं शिकायचं ते लिसांद्रोला धरून, आणि लिसांद्रोनं डोळे मिटून मागे चालायचं. दर रविवारी नव्या माणसाचा तळवा त्याच्या पाठीवर. त्यानं काय केलं होतं ते प्रत्येकाला माहीत, प्रत्येकाच्या कमरेला सुरा, आणि यातला कोण तो सुरा काढेल ते लिसांद्रोला कधीच कळणार नाही. तो पळून का गेला नाही, ही शंका मलाही आली. खलाशी म्हणाला, तो बोटीकडे निघाला की त्याचे पाय आपोआप उलटे पडायचे आणि तो पुन्हा अंगणातच पोचायचा. मेला तेव्हा त्याच्या टाचा पुढं आल्या होत्या, असंही म्हणतात. हे सांगताना खलाशी माझ्याकडे बघत नव्हता.

पुढं शहरातली श्रीमंत पोरं लपूनछपून वस्तीत आली, नाच शिकली, पॅरिसला घेऊन गेली. तिथं वाहवा झाल्यावर मग नाक मुरडणाऱ्यांनीही तो आपलाच म्हणून दिवाणखान्यात नेला. त्यांनी कासिमिराला कधी विचारलं नाही, आणि तिनंही त्यांना आपल्या अंगणात घेतलं नाही.

कासिमिरा गेली, चाळी गेल्या, पण अंगण आहे म्हणतात. तिच्या नावानं वर्षातून एक रविवार तिथं नवी माणसं आणतात, बाई असो की पुरुष, आणि डोळे मिटवून मागे चालवतात. जो अडखळतो, ज्याचा तळहात ओला होतो, त्याला टाळ्या मिळतात आणि जेवायला मधे बसवतात. क्वचित एखादा असा येतो, जो अगदी निर्धास्त चालतो. त्यालाही जेवू घालतात, कोणी वावगा शब्द बोलत नाही. फक्त त्या दिवशी अंगणात कोणीही त्याच्याकडे पाठ करत नाही.