निळ्या तळपायावरचा डाग

गोष्ट इतकी जुनी आहे, की त्या वेळच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. न आठवो. या गोष्टीत राजाला तसंही काही काम नाही.

नदीकाठी रंगाऱ्यांचं एक गाव होतं. घरोघरी अंगणात निळीचं कुंड असायचं. कापड कुंडात बुडवायचं आणि आत उतरून पायांनी तुडवायचं, ही तिथली रीत. त्यामुळे गावातल्या सगळ्या रंगाऱ्यांचे पाय घोट्यापर्यंत निळे. त्याची त्यांना लाज नव्हती, उलट तोराच होता. सोयरीक जमवताना मुलीकडची माणसं आधी मुलाचे तळपाय बघायची. निळे असले की पोरगा कामाचा आहे, असं समजायची.

त्या गावात एक रंगारी होता. त्याची नजर फार बारीक. वाळत घातलेल्या कापडावरचा डाग त्याला फाटकातूनच दिसायचा. मग तो जवळ जायचा, कापड उन्हाकडे धरायचा आणि काय करायचं ते ठरवायचा. धुऊन जाण्यासारखा डाग असला तर कापड रिठ्याच्या पाण्यात टाकायचा. सुतातलाच दोष असला, आहे तेवढाच राहणारा, तर सोडून द्यायचा. पण बुरशीचा, पसरणारा डाग दिसला, की तेवढा तुकडा त्याच दिवशी कापून काढायचा. तिथे कुणाची गय नाही.

बायको हसून म्हणायची, "एवढं बारकाईनं माझ्याकडे बघितलंत का कधी?"

"तुझ्यात खोट असती तर बघितलं असतं," तो म्हणायचा. बोलायला वस्ताद होता, हे मान्य केलं पाहिजे.

थंडीत त्याच्या टाचांना भेगा पडायच्या. मग बायको कोकमाचं तेल कोमट करून चोळून द्यायची. असंच एकदा तेल लावताना तिला त्याच्या डाव्या तळपायावर एक काळा ठिपका दिसला, मोहरीएवढा. तिने बोटाने चोळला, मग रिठ्याने घासला. गेला नाही.

"अहो, हे काय आहे?"

"नीळ आहे ती. मुरलीय."

"नीळ निळी असते. हे काळं आहे."

"फार मुरली की काळी होते," असं म्हणून त्याने पाय ओढून घेतला.

आता तुम्हीच सांगा, ज्या गावात सगळ्यांचेच तळपाय रंगलेले, तिथे एका ठिपक्याला कोण विचारणार? शेजारचा जाडा रंगारी तर पाय बघून खूश झाला. "तळपायाला तीळ! लेका, तुझ्या पायाला भिंगरी लागणार. देशोदेशी हिंडशील." हे कुणाला सांगत होता, तर नदीपलीकडच्या बाजारालाही न जाणाऱ्या माणसाला. सगळे हसले. बायकोही हसली, पण तिच्या मनातून तो ठिपका जाईना.

थंडी सरली, आंब्यांना मोहोर आला. ठिपका आता ठिपका राहिला नव्हता. एका बाजूने वेडावाकडा पसरला होता, मध्ये काळा आणि कडेला तपकिरी. तिथे खाज यायची. एकदा पाय पुसायच्या फडक्याला थोडं रक्तही लागलं.

"नदीपलीकडच्या वैद्यबुवांना दाखवू या," बायको म्हणाली.

"आत्ता? अगं, कुंड लागलंय!"

निळीचं कुंड एकदा आंबायला लागलं की रोज ढवळावं लागतं, नाहीतर नासतं. म्हणून कुंड लागलेलं असताना रंगाऱ्याने गाव सोडायचं नाही, असा तिथला दंडक होता. कारण खरं होतं, त्यामुळे तिला पुढे काही बोलता येईना. ते कुंड उपसलं, तर लग्नसराई आली. लग्नसराई आटोपली, तर नवं कुंड लागलं.

खरी गोष्ट निराळीच होती. रंगारी घाबरला होता. वैद्यबुवांकडे धारदार चाकू आहेत, हे त्याने ऐकलं होतं. दाखवलंच नाही तर कदाचित काही नसेलही, असं तो स्वतःची समजूत घालायचा. तुमच्या-माझ्यासारखाच होता बिचारा.

बायकोने भांडण काढलं नाही. एके दिवशी दुपारी तो जेवून आडवा झाला, तेव्हा ती पांढऱ्या कापडाचा तुकडा घेऊन त्याच्या पायाशी बसली. काजळ घेतलं, काताचं तपकिरी पाणी घेतलं, आणि तळपायावरचा डाग जसाच्या तसा कापडावर उतरवला. तीच कड, तेच रंग, फक्त आकार जरा मोठा. मग तो तुकडा तिने इतर कापडांबरोबर दोरीवर टाकून दिला.

उन्हं उतरायच्या आत रंगारी उठून अंगणात आला. दोरीशी येताच थबकला.

"हे कुणी केलं?" तो ओरडला. "ही कड बघ! कशी एकाच बाजूला पळतेय. दोन-दोन रंग दिसताहेत. हा डाग आहे तिथे थांबणारा नाही. कात्री आण, आजच्या आज काप."

"उद्या कापलं तर?"

"उद्या? उद्यापर्यंत तो कुठवर जाईल, कळतंय का तुला?"

"कळतंय," ती म्हणाली. "म्हणूनच काढला मी. तुमच्या पायावरचा आहे तो."

रंगारी पायरीवर बसला. पाय मांडीवर घेतला, ओल्या फडक्याने पुसला, उन्हाकडे वळवला, आणि कापडाचा तुकडा शेजारी धरून त्याने पहिल्यांदा आपला तळपाय नीट बघितला.

"मला भीती वाटते गं," तो हळूच म्हणाला.

"मलाही वाटते."

"आणि कुंड?"

"नासलं तर नासलं. कुंड पुन्हा लावता येतं. तुम्हाला मी कुठून आणू?" इतके दिवस दाबून धरलेलं रडू आता तिला आवरेना. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ. उद्याच जाऊ."

सकाळच्या पहिल्या नावेने दोघं नदीपार गेली. वैद्यबुवा म्हातारे होते आणि मोजकं बोलणारे. त्यांनी पाय धुऊन घेतला आणि विचारलं, "कधीपासून आहे? वाढला का? रंग बदलला का? रक्त येतं का?" सगळी उत्तरं बायकोनेच दिली. रंगाऱ्याला एकही देता आलं नाही.

"मुळासकट काढावा लागेल," वैद्यबुवा म्हणाले. "दुखेल, खोटं सांगत नाही. पण अजून वरच्यावर आहे. पावसाळा उलटल्यावर आला असतात, तर माझ्या हातात काही राहिलं नसतं."

त्यांनी गुंगीचं औषध पाजलं, तरी रंगाऱ्याला वेदना व्हायच्या त्या झाल्याच. त्याने बायकोचा हात इतका घट्ट धरला, की तिच्या दोन बांगड्या पिचल्या. एरवी तिला केवढा अपशकुन वाटला असता! त्या दिवशी तिने काचा गोळा केल्या आणि बाहेर टाकून आली.

काही दिवसांनी दोघं घरी परतली तेव्हा कुंड नासलं होतं. गल्लीतून जाणारा प्रत्येक जण नाक धरून जात होता. त्यातलं कापड वाया गेलं. जखम भरायला पुष्कळ दिवस लागले, आणि पुढे रंगारी जन्मभर जरासा लंगडत चालला. पण चालला. किती तरी नवी कुंडं त्याने लावली.

पुढच्या थंडीत शेजारचा जाडा रंगारी एक मूठ झाकून त्याच्या दारात आला. नेहमीसारखा हसत नव्हता.

"तळहातावर काहीतरी काळं आलंय. जरा बघ ना. तुझी नजर बारीक आहे."

रंगाऱ्याने बघितलं, पुन्हा बघितलं. मग म्हणाला, "मला कापडातलं कळतं. हे मला कळत नाही. चल, पलीकडे जाऊ."

"अरे, कुंड लागलंय माझं!"

"माझंही लागलंय. ही ढवळेल दोन्ही."

वैद्यबुवांनी तळहात चोळला, दाबला, उजेडात फिरवून बघितला आणि हसले. "ढवळायच्या काठीने चिमटलंय. कातडीखाली रक्त साकळलंय, एवढंच. आपोआप जाईल. नाहीच गेलं, किंवा वाढलं, तर या."

परतीच्या नावेत जाडा रंगारी ओशाळून बसला होता. "उगाच आलो रे. तुझाही दिवस मोडला."

रंगाऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उगाच आलो, असं म्हणत घरी जायला मिळावं, म्हणूनच तर यायचं असतं."

जाड्याने त्याच्याकडे बघितलं. मग त्याचे डोळे भरून आले, आणि लगेच तो नाव हलेल इतक्या जोराने हसला.

लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात असू द्या: अंगावरचा डाग बदलू लागला, तर मनातल्या भीतीला विचारत बसू नका, वेळेवर वैद्याला विचारा.