मागून आलेली हाक

डोंगर हेच होते, नदीही हीच होती, पण काळ फार फार जुना होता, तेव्हाची ही गोष्ट.

डोंगरमाथ्यावरच्या मेंढपाळांची एक लेक नदीकाठच्या नावाड्याला दिली होती. नावाडी रोज सकाळी माल घेऊन धारेबरोबर खाली जाई. होडी सुटली की ती काठावर उभी राहून, तो दिसेनासा होईपर्यंत त्याला हाका मारी. तो मात्र कधी वळून बघत नसे.

"काय गं, नवऱ्याला बोलावतेस की मेंढराला?" शेजारणी हसत.

दिवसेंदिवस तिचं मन खचत गेलं. एके सकाळी ती गाठोडं घेऊन होडीत बसली.

"मला पैलतीराला सोडा. मी माहेरी चालले, कायमची."

नावाड्याचा चेहरा उतरला. तो वल्हवू लागला. पैलतीर जवळ आला तेव्हा त्याने कसंबसं विचारलं, "माझं काय चुकलं?"

"रोज घसा बसेस्तोवर हाका मारते. एकदा तरी वळून बघितलंत?"

त्याने वल्हं थांबवलं. "अगं, निघालेल्या माणसाला मागून हाक म्हणजे अपशकुन! मला वाटायचं, मी परत येऊच नये असं तुझ्या मनात आहे."

"अपशकुन? आमच्याकडे धुक्यात वाट दिसत नाही. ऐकू जाईल तिथवर घरचे हाका मारत राहतात. ज्याला मागून हाक नाही, त्याला घर नाही."

नावाडी खाली मान घालून म्हणाला, "आमच्याकडे धारेत नजर पुढेच हवी. बाबा एकदा आईकडे वळून बघत राहिले, आणि होडी खडकावर गेली. ते परत आलेच नाहीत. तुझी हाक आली की मला वळावंसं वाटतं, गं. म्हणून दात आवळून वल्हवत राहतो."

"मग सांगायचं नाही का?"

"हे सांगायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं."

तिने डोळे पुसले. "फिरवा होडी."

"आमच्यात मागे वळत नाहीत," तो हसू दाबत म्हणाला.

"फिरवा म्हणते ना!"

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याच्या आधीच निघाली. पायवाटेने खाली गेली आणि नदीच्या वाकणावर, उंच दगडावर उभी राहिली. होडी येताना दिसली तशी तिने खणखणीत हाक दिली. हाक समोरून आली होती. नावाड्याने वल्हं उंचावलं आणि तोंडभर हसून साद दिली.

पुढे त्या दगडावर गावातल्या इतर बायकाही येऊ लागल्या. त्यांत सर्वांत आधी आली तिची सासू, नवरा गेल्यापासून नदीकडे न फिरकलेली.

माया करायची रीत ज्याला त्याला आपल्या घराने आणि आपल्या दुःखाने शिकवलेली असते. ती विचारून घ्यावी, मगच माया आहे की नाही ते ठरवावं.