गादीवर बसवलेली काहील

एकदा काय झालं, एका राज्यात ऊस पिकायचा, माणूस दिसू नये एवढा उंच. आणि तिथल्या लोकांनीच, बरं का, साऱ्या जगाला साखर करायला शिकवलं. समुद्रापलीकडून माणसं यायची, रस कसा उकळायचा ते पाहून जायची. कुणी कुणाला नाही म्हणायचं नाही.

मग गादीवर आला राजा कीर्तिसेन. त्याला साखर नको, साखरेचा मोठेपणा हवा! घरोघरी काहिली होत्या, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या लोखंडी कढया. त्याने त्या सगळ्या उचलून आणल्या, वितळवल्या आणि त्यांचा उंचच उंच खांब केला. वर कोरलं, 'जगाला साखर आम्ही दिली.' एकच काहील ठेवली. तिला मखमलीच्या गादीवर बसवलं, रोज हळदकुंकू वाहिलं. चुलीवर मात्र चढवायची नाही! काय म्हणावं मेल्याला? माझं तर अजून डोकं फिरतं. ऊस शेतात उभा वाळत होता आणि लोक खांबाला हात जोडत होते.

हसतेस काय, सुमे? पुढे ऐक.

राजाची लेक मैना तापाने फणफणली. वैद्यबुवा म्हणाले, "काढा कडूजहर आहे. साखरेशिवाय पोरीच्या पोटात ठरायचा नाही."

राणी धावत राजाकडे गेली. "अहो, ती काहील द्या."

"वारसा आहे तो! काजळी लागेल."

मैनाने काढा ओकून टाकला. मग परदेशची एक म्हातारी साखरेची पुडी घेऊन आली. म्हणाली, "आमच्या आजीला इथेच शिकवलं होतं. बाळाला द्या."

राजाने पुडी भिरकावली. "आम्ही दिलेली साखर आम्हीच मागून घ्यायची? नाक कापायचंय आमचं?" पोर डोळे उघडेना आणि ह्याला नाकाची पडलेली!

मग राणीने कुणाला विचारलंच नाही. पदर खोचला आणि काहील उचलायला वाकली. राजा आडवा आला. तेवढ्यात काहीलच बोलली. हो, बोलली! गप्प बसून बसून तीही संतापली होती.

"बाजूला हो! मला गादी नको, जाळ हवा. माझ्या नावाने मिरवतोस आणि तुझी पोर साखरेवाचून तळमळते? लाज वाटते मला तुझी!"

राजाची मान खाली गेली. काहील चुलीवर चढली. पण रस किती आटवायचा, ते राज्यात कुणालाच आठवेना! मग ती परदेशची म्हातारीच चुलीपाशी बसली. ती सांगत होती, राणी ढवळत होती आणि राजा डोळे चोळत जाळ घालत होता, तोही नको तेवढा मोठा. मग रसाने दाणा धरला. काढ्यात साखर पडली. मैना घटाघटा प्यायली आणि तिला घाम फुटला. ताप उतरला.

दुसऱ्या दिवशी राजाने खांब पाडला, लोकांना काहिली करून दिल्या. म्हातारी निघाली, तसा तो तिच्यामागे धावला.

"आजी, जाऊ नका ना," तो म्हणाला. "माझा जाळ अजून मोठाच होतो. शिकवा मला."

म्हातारी हसली आणि राहिली. मैना मोठी झाली, सगळी माणसं गोडीगुलाबीने राहिली. आता पांघरुणं घ्या आणि मिटा डोळे. माझा राग अजून जात नाही, पण तुम्ही झोपा.